दोन उपोषणे आणि एक कलम

२०१८ सालच्या सप्टेंबर महिन्यात तैवानची राजधानी तैपेई येथे मध्यवर्ती निवडणूक आयोगाच्या कचेरीसमोर एक तरुण अन्न वर्ज्य करून बसला होता. उपोषण हे शस्त्र भारतीय मनाला अपरिचित नाही. अन्यायाविरुद्ध, सत्तेविरुद्ध, कधी स्वकीयांच्या अविवेकाविरुद्धही ते येथे उपसले गेले आहे. परंतु या तरुणाची मागणी ऐकून कोणीही क्षणभर थबकला असता. अणुशक्तीवर चालणारी वीजकेंद्रे बंद करू नयेत, आणि हा प्रश्न जनतेसमोर कौलासाठी मांडू द्यावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याचे नाव हुआंग शिह-शिउ. वयाची तिशी त्याने नुकतीच ओलांडली होती.

अणुशक्ती आणि तरुणांचे आंदोलन हे दोन शब्द एकत्र आले की अणुभट्टीच्या विरोधात निघालेला मोर्चा डोळ्यांसमोर उभा राहतो. गेल्या अर्धशतकात युरोपात, अमेरिकेत, जपानात आणि भारतातही असे मोर्चे पुष्कळ निघाले. त्याच अणुभट्टीच्या बाजूने तरुणांनी रस्त्यावर यावे, दारोदार स्वाक्षऱ्या गोळा कराव्यात आणि उपाशी बसावे, ही घटना नवी होती. ती तैवानातच का घडली, हे समजून घ्यावयाचे तर त्या बेटाच्या चाळीस वर्षांच्या इतिहासात डोकावणे प्राप्त आहे.

तैवान हे लहानसे, डोंगराळ आणि भूकंपप्रवण बेट. तेथे तेल जवळजवळ नाही, वायू अत्यल्प आणि कोळशाच्या खाणी केव्हाच मिटलेल्या. देशाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी शेकडा पंचाण्णवांहून अधिक भाग समुद्रमार्गे बाहेरून येतो. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा अशा देशाने अणुशक्तीकडे वळावे हे स्वाभाविक होते. पूर्वतयारीही झालेली होती. १९५६ मध्ये शिन्चू येथे त्सिंग हुआ विद्यापीठाची पुनःस्थापना झाली ती मुळी अणुविज्ञानाच्या अभ्यासासाठी, आणि १९६१ मध्ये तेथील संशोधनभट्टी कार्यान्वित झाली. पुढे उत्तर किनाऱ्यावर चिनशान आणि क्वोशेंग, तर दक्षिण टोकाला मा-आनशान अशी तीन केंद्रे उभी राहिली. चिनशानची भट्टी १९७८ मध्ये वीज देऊ लागली. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांप्रमाणे तीही पाणी उकळून थेट वाफ करणाऱ्या अमेरिकी घडणीची. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास या तीन केंद्रांतील सहा भट्ट्या देशाची सुमारे निम्मी वीज पुरवीत होत्या.

या यशाला एक काळी किनार होती. ही सर्व केंद्रे उभी राहिली ती लष्करी कायद्याच्या अमदानीत. १९४९ मध्ये लागू झालेला तो कायदा उठला १९८७ च्या जुलैमध्ये. मधल्या काळात प्रकल्पाची जागा कोणती, धोका किती, अवशिष्ट कचरा कोठे जाणार, असे प्रश्न विचारण्याची मुभा कोणालाच नव्हती. ज्यांना विचारावयास हवे होते त्यांनाही विचारले गेले नाही. आग्नेयेस समुद्रात लान-यू नावाचे छोटेसे बेट आहे. ताओ नावाचे मूळनिवासी कोळी लोक तेथे शतकानुशतके राहतात. १९८२ पासून या बेटावर किरणोत्सर्गी कचऱ्याची पिंपे उतरू लागली, आणि होता होता त्यांची संख्या सुमारे एक लाखावर गेली. तेथे मासे डबाबंद करण्याचा कारखाना होणार आहे, अशी आपली समजूत करून देण्यात आली होती, असे ताओ लोक सांगत आले आहेत. १९८८ मध्ये शहरात शिकून परतलेल्या ताओ तरुणांनी याविरुद्ध पहिला मोठा मोर्चा काढला. अर्थात् तैवानातील अणुशक्तीविरोध हा केवळ यंत्राच्या भीतीतून जन्मलेला नव्हता. न विचारता लादल्या गेलेल्या निर्णयाची चीड त्यामागे होती, आणि म्हणूनच लोकशाहीचा लढा आणि अणुविरोधी लढा हे दोन्ही तेथे एकाच घरात वाढले.

या दोन्ही लढ्यांचे मूर्तिमंत प्रतीक म्हणजे लिन यी-शिउंग. हे व्यवसायाने वकील. १९७९ च्या डिसेंबरात काओशुंग येथील निदर्शनांनंतर सरकारने विरोधी नेत्यांची जी धरपकड केली, तीत तेही पकडले गेले. ते कोठडीत असताना, २८ फेब्रुवारी १९८० रोजी, त्यांच्या तैपेईतील राहत्या घरात त्यांच्या वृद्ध मातेची आणि जुळ्या मुलींची हत्या झाली. थोरली मुलगी जबर जखमी होऊन वाचली. मारेकरी कोण, याचा उलगडा न्यायालयापुढे कधीच झाला नाही. ते घर पुढे प्रार्थनामंदिर झाले. एवढे सोसलेल्या या माणसाने पुढील आयुष्यात जी कार्ये अंगावर घेतली, त्यांत चौथ्या अणुकेंद्राचा प्रश्न प्रमुख होता. ईशान्य किनाऱ्यावर गोंगल्याओ गावाजवळ लुंगमेन येथे हे केंद्र व्हावयाचे होते. १९९४ च्या मे महिन्यात गावकऱ्यांनी स्थानिक मतदान घेतले. मत देणाऱ्यांपैकी शेकडा शहाण्णवांनी विरोध नोंदविला. त्या मतदानाला कायद्याचे बळ नव्हते, त्यामुळे सरकारने ते मनावर घेतले नाही. लिन यांनी उपोषण केले आणि मग बेटभर पदयात्रा काढली. त्यांची मागणी एकच होती : या केंद्राचा निर्णय सार्वमताने व्हावा.

लुंगमेनची कथा पुढे फार रेंगाळली. १९९९ मध्ये बांधकाम सुरू झाले. २००० मध्ये सत्तांतर होताच ते थांबविण्यात आले आणि २००१ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाले. त्यानंतर ११ मार्च २०११ रोजी जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. भूकंप आणि त्सुनामी या तैवानलाही ठाऊक असलेल्या आपत्ती. साहजिकच रस्ते माणसांनी भरून वाहू लागले, आणि त्या गर्दीत सर्वाधिक संख्या तरुणांची होती. २०१४ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी चीनशी होऊ घातलेल्या व्यापारकराराविरुद्ध संसदभवनाचा ताबा घेतला होता. त्या आंदोलनाची धग ओसरली नव्हती तोच, २२ एप्रिल रोजी लिन यी-शिउंग यांनी आमरण उपोषण आरंभिले. ते बसले होते त्या प्रार्थनामंदिरात, जे एके काळी त्यांचे घर होते. तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते. पाचच दिवसांत अध्यक्ष मा यिंग-ज्यो यांच्या सरकारने लुंगमेनची पहिली भट्टी बंद ठेवण्याचे आणि दुसरीचे बांधकाम थांबविण्याचे जाहीर केले. तीस तारखेस उपोषण सुटले. सुमारे अडीचशे अब्जांहून अधिक तैवानी डॉलर खर्चून उभी राहिलेली ती वास्तू एक युनिटही वीज न देता निद्रिस्त झाली.

२०१६ च्या जानेवारीत त्साय इंग-वेन अध्यक्षपदी निवडून आल्या. २०२५ पर्यंत देश अणुशक्तीमुक्त करावयाचा, आणि वीज शेकडा पन्नास वायूपासून, तीस कोळशापासून व वीस सूर्य-वाऱ्यासारख्या साधनांपासून घ्यावयाची, असा त्यांचा संकल्प होता. २०१७ च्या जानेवारीत विद्युत् अधिनियमात दुरुस्ती झाली. त्याच्या पंचाण्णवाव्या कलमात एक वाक्य आले : अणुशक्तीवरील विद्युतनिर्मितीची सर्व साधने २०२५ पूर्वी पूर्णपणे बंद होतील. चाळीस वर्षांचा लढा एका वाक्यात स्थिरावला, असे त्या वेळी वाटले.

याच वाक्याला आव्हान देणारी मंडळी निराळ्याच वाटेने घडत होती. फुकुशिमानंतरच्या वर्षांत त्सिंग हुआ विद्यापीठाशी संबंध असलेल्या काही तरुणांनी एक गट जमविला होता. अणुशक्तीविषयीच्या अफवांचा निकाल लावणारे, अशा अर्थाचे नाव त्यांनी घेतले. भौतिकशास्त्र शिकलेले हुआंग शिह-शिउ हे त्यांचे अग्रणी, आणि वैद्यकीय किरणोत्सर्गाचे जाणकार ल्याओ येन-पेंग हे त्यांचे सहकारी. वर्तमानपत्रात किंवा फेसबुकवर एखादे विधान आले, की त्यातील आकडा कोठून आला आणि तो बरोबर आहे की चूक, हे साध्या भाषेत मांडावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. एवढ्याने लोकमत पालटत नाही. पण आकड्यांशी झगडण्याची सवय लागते, आणि पुढे हीच सवय त्यांच्या कामी आली.

दोन गोष्टींनी त्यांना श्रोते मिळवून दिले. पहिली म्हणजे १५ ऑगस्ट २०१७ ची संध्याकाळ. तातान येथील वायुकेंद्रात दुरुस्तीचे काम चालू असताना झडपा चुकून मिटल्या आणि दोन मिनिटे वायूचा पुरवठा तुटला. त्या दोन मिनिटांत सहा संच बंद पडले, सुमारे चार हजार मेगावॉट वीज नाहीशी झाली, आणि लाखो घरे भर उन्हाळ्यात अंधारात गेली. अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. चूक माणसाची होती आणि वायूची होती, अणुशक्तीच्या धोरणाची नव्हे, असे विरोधकांनी म्हटले व ते खरेही होते. परंतु गाठीशी शिल्लक वीज किती थोडी आहे, हे त्या संध्याकाळी सामान्य माणसाला प्रथम उमगले. दुसरी गोष्ट म्हणजे धूर. ताइचुंग येथील कोळशाचे वीजकेंद्र जगातील मोठ्या केंद्रांपैकी एक. २०१७ च्या डिसेंबरात ताइचुंग आणि काओशुंग या शहरांत दूषित हवेविरुद्ध नागरिकांचे मोर्चे निघाले. त्या तरुणांचा प्रश्न सरळ होता : जी भट्टी धूर सोडत नाही ती आधी मिटवायची आणि कोळसा जाळीत राहायचे, हा क्रम कोणत्या हिशेबात बसतो? वायू जहाजाने येतो आणि त्याचा साठा दिवसांवर मोजला जातो. उलट अणुभट्टीत एकदा इंधन भरले की ती वर्ष-दीड वर्ष चालते. समुद्राने वेढलेल्या आणि शेजारच्या महासत्तेची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या देशाला हा फरक लहान नव्हता.

आपल्या मोहिमेला त्यांनी चार अक्षरांचे नाव दिले. अणूच्या आधाराने हरिताचे पोषण, असा त्याचा आशय. सूर्य आणि वारा यांची वीज वाढू द्यावी, पण ती वाढेपर्यंत कोळशाऐवजी अणूचा टेकू घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे हरित नाव म्हणजे जुन्या मालावरचे नवे वेष्टन आहे, अशी टीका झाली.

हे सारे सार्वमताच्या वाटेने जाऊ शकले ते एका योगायोगामुळे. २००३ मध्ये तैवानात सार्वमताचा कायदा झाला होता. पण त्याच्या अटी इतक्या कडक होत्या की कोणताही प्रश्न तडीस जाईना. लोकशाहीवादी पक्षाची जुनी मागणी म्हणून २०१७ च्या डिसेंबरात संसदेने त्या अटी शिथिल केल्या. मतदारसंख्येच्या शेकडा दीड स्वाक्षऱ्या, म्हणजे दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास, पुरेशा ठरल्या. होकाराची मते नकाराहून अधिक आणि एकूण मतदारांच्या एकचतुर्थांशाहून अधिक पडली, की कौल ग्राह्य ठरू लागला. सार्वमतापुरते मतदानाचे वय वीसवरून अठरावर आले. महापौर निवडण्याचा हक्क ज्यांना अद्याप नव्हता, अशा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना देशाच्या विजेचे धोरण ठरविण्यात वाटा मिळाला. अणुकेंद्राविरुद्ध वापरण्यासाठी लिन यी-शिउंग यांनी जे साधन मागितले होते, ते हाती आले तेव्हा पहिल्यांदा उचलले अणुकेंद्राच्या कैवाऱ्यांनी!

स्वाक्षऱ्यांचे काम कष्टाचे होते. बाजारात, स्थानकांवर, विद्यापीठांच्या दारांत कागद घेऊन उभे राहावयाचे. नाव, पत्ता, ओळखक्रमांक यांत एक अक्षर चुकले तरी स्वाक्षरी बाद. ६ सप्टेंबर २०१८ रोजी तीन लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या आयोगाकडे पोहोचल्या. नंतरच्या आठवड्यात गोळा झालेल्या आणखी वीस हजारांहून अधिक स्वाक्षऱ्या घेऊन कार्यकर्ते १३ तारखेस पुन्हा गेले, तेव्हा आयोगाने त्या स्वीकारण्यास नकार दिला. एकदा यादी दाखल केल्यावर तीत भर घालता येत नाही, ही आयोगाची भूमिका होती. मुदत संपलेली नसताना नागरिकाची स्वाक्षरी परत का पाठवता, असा तरुणांचा प्रतिप्रश्न होता. हुआंग तेथेच बसले. सुमारे एकशे चाळीस तासांनंतर त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. ज्यांच्या कारकीर्दीत लुंगमेन मिटले होते त्या मा यिंग-ज्यो यांनीच आता या मोहिमेस उघड पाठिंबा दिला.

ऑक्टोबरात छाननीचा निकाल लागला. वैध स्वाक्षऱ्या दोन-अडीच हजारांनी कमी पडल्या होत्या. परत पाठविलेल्या गठ्ठ्यांत याच्या कित्येक पटींनी स्वाक्षऱ्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेले. तैपेईच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने उरलेल्या स्वाक्षऱ्या स्वीकारण्याचा आदेश दिला, आणि मतदानाला जेमतेम महिना उरला असताना प्रश्न मान्य झाला.

२४ नोव्हेंबर २०१८ रोजी स्थानिक निवडणुकांबरोबर एकूण दहा प्रश्नांवर सार्वमत झाले. सोळाव्या क्रमांकाचा प्रश्न होता तो पंचाण्णवाव्या कलमातील त्या एका वाक्याचा. ते रद्द करावे असे सुमारे ५९ लाख मतदारांनी सांगितले. सुमारे ४० लाख विरुद्ध गेले. ते वाक्य कायद्याच्या दृष्टीने संपले आणि २०१९ च्या मे महिन्यात संसदेने ते रीतसर गाळले.

येथे ही कथा संपली असती तर ती विजयाची कथा झाली असती. प्रत्यक्षात तसे झाले नाही. २०१९ च्या जानेवारीअखेर सरकारने स्पष्ट केले की वाक्य गेले तरी धोरण कायम आहे. कारणेही होती. जुन्या केंद्राला मुदतवाढ हवी तर परवाना संपण्यापूर्वी पाच वर्षे अर्ज करावा लागे, आणि चिनशानची ती वेळ टळून गेली होती. वापरलेले इंधन ठेवण्यास जागा उरली नव्हती आणि कोरड्या साठवणीला स्थानिक शासन परवानगी देत नव्हते. लुंगमेनचे न वापरलेले इंधन २०१८ च्या जुलैपासूनच अमेरिकेस परत जाऊ लागले होते. एकेक करून भट्ट्या थंडावत गेल्या, आणि १७ मे २०२५ रोजी मा-आनशानची दुसरी भट्टी बंद होताच तैवानातील अणुवीज शून्यावर आली. जे वाक्य जनतेने कायद्यातून पुसले होते, ते ठरल्या वर्षीच खरे झाले.

जनतेचा कौलही एकसारखा राहिला नाही. १८ डिसेंबर २०२१ रोजी, हुआंग यांच्याच पुढाकाराने, लुंगमेन सुरू करावे काय असा प्रश्न विचारला गेला. सुमारे ३८ लाखांनी होय म्हटले आणि ४२ लाखांहून अधिकांनी नाही म्हटले. जुनी केंद्रे चालू ठेवणे वेगळे, आणि भूस्तरभंगाची शंका असलेल्या जागी अर्धवट सोडलेले केंद्र सुरू करणे वेगळे, असा विवेक मतदारांनी केला असावा. २३ ऑगस्ट २०२५ रोजी मा-आनशान पुन्हा सुरू करण्याच्या प्रश्नावर ४३ लाखांहून अधिक मते बाजूने व सुमारे १५ लाख विरुद्ध पडली. परंतु पन्नास लाखांचा उंबरठा न गाठल्याने तो कौल बाद ठरला. विरोधात बहुमत, तर तो पराभव. बाजूने बहुमत पण संख्या अपुरी, तर तोही पराभव. आणि जेव्हा दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, तेव्हा काळ निघून गेलेला! सार्वमताच्या मर्यादा इतक्या थोड्या वर्षांत इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणत्या देशाला शिकावयास मिळाल्या असतील.

मग या तरुणांनी काय मिळविले? वीज मिळविली नाही, हे उघड आहे. मात्र अणुशक्तीवरची चर्चा त्यांनी घोषणांतून काढून हिशेबाच्या वहीत आणली. पूर्वी प्रश्न असा असे : अणुशक्ती हवी की नको? आता प्रश्न असा झाला : ती नको, तर तिच्या जागी काय, किती आणि केव्हा? हा प्रश्न विरोधकांनाही टाळता येईनासा झाला. सार्वमताच्या बळावर आपल्या मागणीसाठी न्यायालयात उभे राहता येते, हेही अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी पाहिले.

त्याबरोबरच त्यांची बाजू जेथे लंगडी पडते तेही सांगितले पाहिजे. लान-यू बेटावरील पिंपे आजही पूर्णपणे हललेली नाहीत. २०१९ मध्ये सरकारने ताओ लोकांसाठी भरपाई जाहीर केली, पण त्यांची मागणी पैशाची नव्हती, पिंपे नेण्याची होती. आकड्यांनी अपघाताची शक्यता सांगता येते. एखाद्या जमातीला न विचारता तिच्या अंगणात कचरा ठेवला गेला, या अन्यायाचे उत्तर कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. अणुशक्तीच्या बाजूने बोलणाऱ्या तरुणाला हा प्रश्न आपलासा केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तसेच तिच्या विरोधात बोलणाऱ्याला ताइचुंगच्या धुराचा प्रश्न आपलासा करावा लागेल.

एका देशात, चार वर्षांच्या अंतराने, एक वृद्ध आणि एक तरुण उपाशी बसले. एकाला भट्टी बंद हवी होती, दुसऱ्याला चालू हवी होती. पण सामान्य माणसाला न विचारता निर्णय होऊ नये, ही मागणी वृद्धाने उभ्या आयुष्यात जपली होती, आणि तीच घेऊन तो तरुण स्वाक्षऱ्यांच्या गठ्ठ्यापाशी बसला होता. लष्करी कायद्याखाली उभ्या राहिलेल्या अणुकेंद्रांचा वाद चाळीस वर्षांनी मतपेटीपर्यंत आला, तो या दोघांच्या पिढ्यांनी आणला. त्या पेटीतून निघालेले उत्तर अद्याप पुरते स्थिर झालेले नाही. मा-आनशानच्या दोन भट्ट्या दक्षिण समुद्राकाठी शांत उभ्या आहेत, आणि लान-यूची पिंपे आपल्या जागी आहेत. दोहोंचा निर्णय पुढच्या पिढीकडे गेला आहे.